नवी फरशी, जुने खांब
गिरणगावातील नूतनीकरण केलेले घर घेताना...

भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या भागांतील जुन्या इमारतींमधील घरांच्या जाहिरातींत 'पूर्णपणे नूतनीकरण केलेले' हे शब्द हटकून आढळतात. दार उघडताच चकचकीत फरशी, ग्रॅनाइटचा ओटा आणि छताखाली लपवलेले दिवे दिसतात. दाराबाहेर मात्र अंधारा जिना, टेकू दिलेला सज्जा आणि गल्लीच्या तोंडाशी रात्री उशिरापर्यंत बसलेली टोळकी असतात. रोज दीड-दोन तास लोकलमध्ये उभे राहणाऱ्या कुटुंबाला असे घर खुणावते आणि त्याच वेळी धास्तीही वाटते. अशा वेळी बहुतेक ग्राहक वस्तीला घाबरतात आणि फरशीवर भाळतात. सावधगिरी खरे तर उलट बाजूने बाळगायला हवी.

वस्तीची पारख

या परिसराच्या बदलौकिकाला इतिहास आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर हजारो घरांतील चूल विझण्याची वेळ आली. हाताला काम नसलेले काही तरुण टोळ्यांच्या आश्रयाला गेले आणि दगडी चाळीसारखी नावे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालये उभी राहिली, तरी जुनी प्रतिमा पुसली गेलेली नाही.

ती आज कितपत खरी आहे, हे ग्राहकाला स्वतः तपासता येते. घर केवळ रविवारी सकाळी पाहू नये. कामाच्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास स्थानकापासून इमारतीपर्यंत चालत जावे. घरातील स्त्रियांनाही सोबत न्यावे, कारण त्यांना जाणवणाऱ्या गोष्टी पुरुषांच्या नजरेतून निसटतात. कोपऱ्यावरील वाणी, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते आणि त्याच मजल्यावरचे शेजारी यांच्याशी बोलावे. एक फेरी भर पावसात मारावी. हिंदमाता परिसरात पाणी कसे तुंबते, हे मुंबईकरांना सांगायला नको. वस्तीचे दोष असे डोळ्यांना दिसतात, इमारतीचे मात्र गिलाव्याआड दडलेले असतात.

विकले जाते ते काय?

पहिला प्रश्न मालकी हक्काचा. या भागातील अनेक घरे पागडीची आहेत. अशा व्यवहारात ग्राहक घर विकत घेत नाही, तर भाडेकरूचा हक्क स्वतःकडे घेतो. पूर्वी बेकायदा मानल्या जाणाऱ्या पागडीच्या देवघेवीला 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 56 ने मान्यता दिली. तरीही घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय आणि भाडेपावती आपल्या नावावर झाल्याशिवाय असा व्यवहार पुरा झाला असे समजू नये. पागडीच्या घरावर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, हेही हिशेबात धरावे.

घर मालकी हक्काचे असेल तर आधीच्या प्रत्येक नोंदणीकृत कराराची साखळी, सोसायटीचे भागप्रमाणपत्र आणि मालमत्ता पत्रक वकिलाकडून तपासून घ्यावे. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे की नाही, हा प्रश्न विसरू नये.

भिंतीआडचे नुकसान

दुसरा प्रश्न इमारतीच्या प्रकृतीचा. येथील अनेक जुन्या इमारतींचा सांगाडा लाकडी खांब-तुळयांचा आहे. शौचालये मूळची मजल्याच्या टोकाला, सामाईक. नूतनीकरणात खोलीतच शौचालय काढले जाते, लाकडी तक्तपोशीवर सिमेंटचा थर आणि लाद्या चढतात, वर पोटमाळा येतो. मूळ रचनेने कधी न पेललेले ओझे तिच्यावर पडते. गळणारे पाणी भिंतीत रुतलेल्या तुळयांच्या टोकांशी मुरते आणि लाकूड आतल्या आत कुजते.

केवळ जुन्या इमारतींनाच हा धोका आहे असे नाही. घाटकोपर येथील सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील दुरुस्तीच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. त्यामुळे आपल्याच घरात नव्हे, तर खालच्या दुकानात काय पाडले गेले, हेही विचारणे भाग आहे.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353 ब नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तो अहवाल मागावा. तो नसेल तर स्वखर्चाने संरचना अभियंत्याला सोबत न्यावे. इमारतीला महापालिकेची वा म्हाडाची नोटीस आली आहे का, पावसाळ्यापूर्वी जाहीर होणाऱ्या अतिधोकादायक इमारतींच्या यादीत तिचे नाव आहे का, हे पाहावे. 'सी-1' असा शेरा असल्यास इमारत रिकामी करून पाडण्यावाचून मार्ग नसतो. अशा घरात नवी फरशी असली काय आणि नसली काय!

पुनर्विकासाची आशा

'इमारत लवकरच पुनर्विकासाला जाणार' हे दलालाचे ठरलेले वाक्य. उपकरप्राप्त इमारतींच्या भाडेकरूंना विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) अन्वये किमान 300 चौरस फुटांचे घर मिळण्याची तरतूद आहे, हे खरे. पण 13 जून 1996 नंतर निर्माण झालेले नवे भाडेकरूपण त्यासाठी धरले जात नाही. एका खोलीच्या दोन करून त्यातील एक विकली जात असेल, तर ग्राहकाच्या पदरी काहीच पडणार नाही, अशी शक्यता असते. त्यामुळे विकासक नेमला गेला आहे का, परवानग्या कुठवर आल्या आहेत आणि संक्रमण काळातील भाड्याची हमी कोणाची, याची लेखी उत्तरे मिळेपर्यंत पुनर्विकासाचे मोल किमतीत धरू नये.

निर्णय कसा घ्यावा?

घराचा भाव ठरवताना नूतनीकरणाचा खर्च क्षणभर बाजूला ठेवावा. हीच खोली जुन्या लादीची आणि पोपडे आलेल्या भिंतींची असती, तर आपण तिला किती दिले असते, हा प्रश्न स्वतःला विचारावा. हक्क निर्विवाद असेल, खांब भक्कम असतील आणि रात्रीच्या फेरीनंतरही घरच्यांचे मन तयार असेल, तर केवळ वस्तीच्या जुन्या नावामुळे माघार घेण्याचे कारण नाही. शेजाऱ्याच्या हाकेला धावून जाणारा शेजार या भागात आजही सापडतो आणि त्याची किंमत कोणत्याही करारात लिहिलेली नसते. मात्र कागद किंवा खांब यांपैकी एकाबद्दलही शंका उरली, तर विसाराची रक्कम देण्याआधीच थांबलेले बरे. फरशी केव्हाही बदलता येते, आयुष्यभराची पुंजी मात्र एकदाच गुंतवता येते.