यंत्राची हद्द संपते तिथून

काश्मीरमधल्या गुलमर्गच्या गोंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला आणि वरच्या अफरवट डोंगराची धार अचानक सगळ्यांच्या आवाक्यात आली. गाव सुमारे २,६५० मीटरवर, कोंगडूरीचं मधलं स्थानक तीन हजारांच्या थोडं वर, शेवटचं साधारण ३,९५० मीटरवर. सकाळी श्रीनगर सोडलेला माणूस दुपारच्या आत अशा जागी उभा असतो, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. तिथून पुढची धार पायांनीच चढायची.

खालच्या उतारांवर बर्फ दाबणारी यंत्रं फिरतात. तिथली माणसं त्यांना 'स्नो बीटर' म्हणतात. यंत्र बर्फाचे थर मोडतं, एकत्र करतं, दाबतं. रात्रीतून कण एकमेकांना धरतात आणि सकाळी उतार एकजीव, टणक होतो. आखलेल्या पट्ट्याबाहेर मात्र हिवाळ्याने रचलेले थर तसेच पडून असतात.

गुलमर्ग ज्या रांगेत आहे त्या पीर पंजालमध्ये हिवाळी बर्फ येतं ते पश्चिमी विक्षोभांमुळे. हंगामाच्या सुरुवातीला बर्फ पातळ असलं, तर खालची जमीन शून्य अंशाच्या जवळ राहते आणि निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग कमालीचा गारठतो. या तफावतीमुळे बाष्प वर सरकतं आणि तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे कण तयार होतात. त्यावर मोठ्या हिमवृष्टीची जड लादी बसते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाचं वजनही तो सुटा थर मोडायला पुरतं, आणि मग सगळी लादीच सुटते. हिमलोटात सापडणाऱ्या स्कीपटूंपैकी बहुतेकांच्या बाबतीत तो लोट त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेला असतो.

सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला हे जड जातं, कारण आपण मळलेल्या वाटेवर विश्वास ठेवायला शिकलेलो असतो. नाळेतून दहाजण चढून गेले तर अकरावाही जाईल, हा हिशोब कातळावर बहुधा चालतो. बर्फावर तो चालत नाही. दहाजणांच्या खुणा उमटलेला उतार अकराव्याच्या पायाखाली सुटू शकतो, कारण थर कुठे पातळ आहे आणि कुठल्या पावलाने मोडेल, हे वरून दिसत नाही. महाराष्ट्रातून बर्फात जाणाऱ्या प्रत्येक गटाला निघण्यापूर्वी एवढं तरी सांगितलंच पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

म्हणूनच जाणकार उताराचा मध्य टाळून सोंडेने चढतात. स्कीच्या तळाला एका दिशेने केस असलेल्या पट्ट्या चिकटवतात. त्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. धार अरुंद झाली की स्की पाठीवर बांधून बुटाने पायऱ्या ठोकत जायचं. वाऱ्याकडच्या अंगाला बर्फ उडून गेलेलं, कडक असतं. आडोशाच्या अंगाला ते साचतं आणि कड्याबाहेर छज्जा धरतं. छज्जा मोडतो तो अपेक्षेपेक्षा बराच आतून. त्यामुळे उत्तरेला नंगा पर्वत कितीही स्वच्छ दिसला, तरी कडेला जाऊन पाहायचं नाही.

असं हळू चढणं मला फार मोलाचं वाटतं. बूट किती रुततो, काठी कुठल्या थराला अडते, पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज येतो का, हे सगळं चढणाऱ्याला कळत जातं. गोंडोल्यातून थेट वरच्या स्थानकावर उतरलेल्याला यातलं काही ठाऊक नसतं, आणि तो लगेच उताराला लागतो.

या डोंगराने किंमत वसूल केली आहे, आणि ती केवळ नवख्यांकडून नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग परिसरात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमलोटात गेले. ती माणसं बर्फाचंच प्रशिक्षण घेत होती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू मरण पावले.

गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. पस्तीस मिनिटांनी ती तिसाच्या आसपास येते. तेवढ्या वेळात खालून मदत पोहोचेलच असं नाही. शोधायला असतो तो सोबतीच, म्हणून ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देणारं यंत्र, लांब सळई आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतात.