फिरती चाळण

नदीच्या पात्रांतून आलेला माल म्हणजे वाळू, खडी व मोठे गोटे यांची सरमिसळ. हीं तिन्ही वेगळीं केल्यावांचून भरंवशाचें काँक्रीट होत नाहीं. खडीमधील पोकळी वाळूनें भरावी व वाळूच्या कणांमधील पोकळी सिमेंटनें, असा त्याचा हिशेब असतो. वाळू नकळत अधिक पडली, तर मिश्रण कोरडें भासतें. मग पाणी वाढविलें जातें आणि तुळई कमकुवत होते. भारतीय मानकांत ४.७५ मिलिमीटरच्या चाळणींतून प्रायः गळते ती वाळू व वर राहते ती खडी.

लहान कामावर बिगारी जाळी तिरकी उभी करून तिच्यावर फावड्यानें माल फेकतो. मोठ्या कामावर फिरती चाळण असते. जाळीचें लांब नळकांडें किंचित् उतरतें बसवून तें फिरवितात. वरच्या बाजूस भोकें बारीक, पुढें मोठीं. माल भिंतीबरोबर वर चढतो, घसरून खालीं येतो व दर खेपेस थोडा पुढें सरकतो. प्रथम वाळू गळते, मग खडी. गोटे शेवटच्या तोंडांतून बाहेर पडतात.

वेग वाढविला तर काम वाढेल, असें वाटतें, घडतें उलटें. एक मीटर व्यासाचें नळकांडें मिनिटास सुमारें ४२ फेरे घेऊं लागलें, कीं माल भिंतीस चिकटूनच फिरतो आणि चाळणें थांबतें. म्हणून वेग साधारणतः त्याच्या निम्म्याच्या आंत ठेवितात.

ओली वाळू भोकें बुजविते. तेथें पाण्याचे फवारे सोडतात. त्या पाण्याबरोबर कणांवरील चिकणमातीही निघून जाते, आणि मगच सिमेंटची पकड नीट बसते.