मचाणाखालचा राखणदार

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा घाटरस्ता सिपना नदीच्या काठी जेथे सेमाडोहला टेकतो, तेथे भाद्रपदातील एका सायंकाळी, मक्याच्या शेतातील मचाणाखाली, मी ती तांबूस कुत्री प्रथम पाहिली: ताठ कान, निमुळते तोंड आणि पाठीवर वळसा घेतलेले शेपूट.

तिचा कोरकू धनी तिच्या कानामागील गोचीड काढीत होता. बोटे कातडीपर्यंत नेऊन एकेक गोचीड तो सरळ व सावकाश ओढी, कारण हिसका बसला तर गोचिडीचे तोंड आतच तुटते आणि जागा चिघळते. नंतर पायांच्या बेचक्यांतील कुसळे निघाली आणि मग ज्वारीची भाकर पुढे आली.

"थे भुकते ना भाऊ, त्याच्यावरूनच समजते," तो म्हणाला. "डुकरावर दमदार भुकते; अस्वलावर तुटून तुटून. बिबट आला तं भुकतच नाही, पायात घुसते."

त्यावरून मला आठवले, उत्तर स्वीडनच्या अरण्यांत नॉरबॉटनस्पेट्स नावाची जेमतेम हातभर उंचीची, अशाच कानांची व शेपटाची शिकारी जात आहे. झाडावरचा पक्षी हेरून, शिकारी येईतो त्याला भुंकण्यात गुंतवून ठेवणे, हेच तिचे काम. 1948 साली स्वीडनच्या दफ्तरातून ही जात नामशेष म्हणून खारीज झाली. परंतु दूरच्या शेतघरांनी ती जतन केलेली निघाल्यामुळे 1967 साली तिची नोंद पुन्हा सुरू झाली. सेमाडोहची कुत्री कोणत्याच दफ्तरी दाखल नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने येथे शिकारही उरलेली नाही. तरी आवाजाने माणसाला सावध करण्याचे ते पुरातन कौशल्य येथे पिकाच्या राखणीस लागले आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

येथल्या व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यात मात्र तिचे आरोग्य हा केवळ धन्याचा खासगी मामला राहत नाही. 2018 साली गीरमध्ये मेलेल्या सिंहांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हा रोग कुत्र्यांतही सर्रास आढळतो. म्हणून पिसाळरोगाच्या लसीइतकीच डिस्टेंपरची लसही गावोगाव पोहोचली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

त्या मध्यरात्री ती कुत्री दमदार भुंकली. धन्याने मचाणावरूनच रिकामा डबा बडविला. मका सळसळला, आणि काहीतरी जड नाल्याकडे पळाले. ती धापा टाकीत परतली, तेव्हा तो खाली उतरला आणि बॅटरीच्या उजेडात तिचे चारही पाय उचलून पाहू लागला.