रोजंदारीवरचा महादूत

दुबईच्या मुहैस्नाहमधल्या कामगार वसाहतीला तिथले लोक सोनापूर म्हणतात. पहाटे कंपनीच्या बसेस भरून निघतात, रात्री परततात आणि मधल्या तासांचा हिशेब हजेरी, ओव्हरटाइम, कापलेला पगार असा चालतो. स्वर्गातल्या महादूतांचा इथे काय संबंध, असं वाटेल. पण त्यांच्यातला एक खरोखरच मजुरी ठरवून परमुलखात गेला होता!

ही गोष्ट तोबीतच्या ग्रंथातली. तोबीत हा निनवेत निर्वासित होऊन राहिलेला यहुदी. चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडल्याने तो आंधळा झालेला. त्याची चांदी दूर मेदी देशात कुणाकडे तरी ठेवलेली. ती आणायला मुलगा तोबिया निघतो, पण वाट माहीत नाही. वाटाड्या मिळतो; रोज एक द्राख्मा आणि खाणंपिणं, असं ठरतं. नीट परत आणलंस तर वर बक्षीस, हेही तोबीत कबूल करतो. सोबतीला कुत्राही आहे. टायग्रिसमध्ये एक मासा तोबियावर झेपावतो. वाटाड्या सांगतो, याचं पित्त जपून ठेव. त्याच पित्ताने पुढे म्हाताऱ्याला दृष्टी येते. बापलेक आणलेल्यातला अर्धा वाटा देऊ करतात, तेव्हा वाटाड्या ओळख सांगतो: देवापुढे उभ्या असणाऱ्या सात दूतांपैकी मी राफाएल.

मग उरलेले सहा कोण? इथूनच गंमत सुरू होते. यहुदी बायबलमध्ये दूतांची नावं येतात ती फक्त दानिएलाच्या ग्रंथात, आणि तीही दोनच: मिखाएल व गब्रिएल. तोबीतच्या प्रती कुमरानच्या गुहांत सापडल्या, तरी यहुदी आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये त्याला जागा नाही. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये आहे. हनोखाच्या ग्रंथात साती नावं आहेत, उरिएलसुद्धा. पण तो इथिओपियाच्या चर्चने पवित्र मानला, रोमने नाही. इ.स. 745मध्ये रोमच्या धर्मसभेने तर तंबीच दिली: मिखाएल, गब्रिएल, राफाएल, बस्स. अनोळखी नावांच्या दूतांना हाक मारणाऱ्या आल्देबेर्तवर तेव्हा ठपका ठेवला गेला. तरीही झोपण्यापूर्वीच्या यहुदी प्रार्थनेत उजवीकडे मिखाएल, डावीकडे गब्रिएल, पुढे उरिएल, मागे राफाएल असा चौघांचा पहारा असतोच. नावं अशी सभेच्या ठरावाने पुसली जात नाहीत.

आणखी एक आश्चर्य. नव्या करारात 'महादूत' ही पदवी नावानिशी मिळते ती एकट्या मिखाएलला, यहूदाच्या पत्रात. मरियेला येशूजन्माची वार्ता सांगणारा गब्रिएल तिथे नुसताच दूत आहे! मशिदींच्या या शहरात मात्र तोच जिब्रील. कुराण पैगंबरांपर्यंत पोहोचवणारा. पोप पायस बाराव्यांनी 1951मध्ये त्याला दूरसंचाराचा पालक नेमलं. सोनापुरात रात्री गावाकडे लागणारे व्हिडिओ कॉल पाहता, या नेमणुकीचा सगळ्यात जास्त ताण इथेच पडत असणार.

मुहैस्नाहजवळच शारजाहची हद्द लागते. तिथे यारमूक भागात कॅथलिकांचं चर्च आहे, ते मिखाएलच्याच नावाचं. आपल्या माहीमच्या चर्चसारखंच. अशा कुठल्याही चर्चमध्ये गेलात तर चित्रं नीट पाहा. तलवार किंवा तराजू असेल तो मिखाएल, लिलीचं फूल असेल तो गब्रिएल, आणि मासा घेतलेल्या पोराबरोबर चालणारा वाटसरू दिसला, तर तो राफाएल.