दोन थांब्यांचं उड्डाण

धूर विरला, टाळ्या वाजल्या, की बघ्यांच्या लेखी उड्डाण संपतं. २६ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी३५ हा प्रक्षेपक श्रीहरिकोट्याहून झेपावला, तेव्हा नियंत्रण कक्षातल्या मंडळींना मात्र पुढचे सव्वादोन तास उसंत नव्हती.

प्रक्षेपकात आठ उपग्रह होते, मिळून ६७५ किलो. मान ३७१ किलोच्या स्कॅटसॅट-१ चा. समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा मोजणं हे त्याचं काम. चक्रीवादळाचा माग काढायला हेच आकडे लागतात. ओशनसॅट-२ या आधीच्या उपग्रहावरचं हे काम करणारं उपकरण २०१४ मध्ये बंद पडलं होतं, म्हणून निकड होती. बाकीच्यांत अल्जीरियाचे तीन, अमेरिका-कॅनडाचा एकेक, बेंगळुरूच्या पीईएस विद्यापीठाचा ‘पायसॅट’ आणि मुंबई आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला दहा किलोचा ‘प्रथम’. अडचण एकच : स्कॅटसॅटला हवी असलेली कक्षा वेगळी, उरलेल्या सातांची वेगळी.

दोन्ही कक्षा ध्रुवीय. त्यासाठी श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला जावं, तर वाटेत श्रीलंका. म्हणून अग्निबाण आधी आग्नेयेला निघतो, मग वळतो. वळसा फुकट नसतो. तो वाहून नेता येणाऱ्या वजनातून वळता होतो.

सतराव्या मिनिटानंतर स्कॅटसॅट ७२४ किलोमीटरवर सुटा झाला. इथपर्यंतचं काम पीएसएलव्हीच्या अंगवळणी पडलेलं. खरी परीक्षा प्रक्षेपकाच्या चौथ्या, शेवटच्या टप्प्याची.

पहिला आणि तिसरा टप्पा घन इंधनाचे. एकदा पेटले की संपेपर्यंत जळतात. चौथ्यातली द्रव्यं जहरी, पण गुणी. इंधन आणि त्याला जाळणारं द्रव्य एकमेकांना भेटताच पेट घेतात, ठिणगी लागत नाही. झडपा उघडल्या की इंजिन चालू, मिटल्या की बंद. उड्डाणाआधीच्या साडेअठ्ठेचाळीस तासांच्या उलटगणतीत ही द्रव्यं भरण्याचं नाजूक काम उरकायचं असतं.

स्कॅटसॅटला धक्का लागू नये म्हणून हा चौथा टप्पा बाजूला सरला आणि दक्षिण ध्रुवावरून उत्तरेकडे नुसताच तरंगत निघाला. उड्डाणानंतर एक तास बावीस मिनिटांनी, उत्तर ध्रुवाजवळ, त्याची दोन्ही इंजिनं जेमतेम वीस सेकंद चालली. वेग किंचित मारला, की कक्षेची पलीकडची बाजू खाली उतरते. तशी ती ६७० किलोमीटरवर आली. पन्नास मिनिटांनी, पुन्हा दक्षिण ध्रुवाजवळ, आणखी वीस सेकंद. आता कक्षा ६६९ किलोमीटरवर गोल. पंचावन्न किलोमीटर खाली यायला चाळीस सेकंदांचं जळण आणि दोन तासांचा धीर!

मग दुहेरी उड्डाणासाठी बसवलेला सांगाडा सुटला, अर्ध्या मिनिटाने अल्जीरियाचा पहिला उपग्रह, मग कॅनडाचा, मग ‘प्रथम’. थांब्याथांब्यावर उतारू सोडणाऱ्या एसटीसारखा एकेक करून.

‘प्रथम’चं काम सुरू झालं २००७ मध्ये. नऊ वर्षांत विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलल्या, काम हातातून हातात गेलं. २०१६ च्याच २२ जूनला पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ कार्टोसॅट-२ मालिकेतल्या उपग्रहाच्या सोबतीने गेला होता : एक किलोच्या आतला, दहा सेंटीमीटरचा ठोकळा. दिशा सांभाळायला त्यात मोटर नाही, फक्त चुंबक. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेणारे. अशा चिमुकल्यांना स्वतंत्र अग्निबाण कोण देणार? मोठ्याच्या गाडीत जागा मिळते, पण कक्षा गाडीवाल्याच्या सोयीची. इंजिन पुन्हा पेटवता आलं, तरच ही अट सैल होते. भारताच्या प्रक्षेपण व्यवसायात सी३५ चं मोल म्हणूनच विक्रमी संख्येने उपग्रह नेणाऱ्या उड्डाणांहून कमी नाही.

पुढे १ एप्रिल २०१९ च्या सी४५ ने तीन थांबे घेतले : ७४८ किलोमीटरवर एमिसॅट हा उपग्रह, ५०४ वर अठ्ठावीस परदेशी उपग्रह आणि ४८५ वर प्रयोगांसाठी खुद्द चौथा टप्पा. १ जानेवारी २०२४ च्या सी५८ चा चौथा टप्पा तर मुद्दाम ३५० किलोमीटरवर उतरवला गेला, तिथे प्रयोग करून २१ मार्चला वातावरणात शिरला आणि कक्षेत त्याचा कचरा उरला नाही.