पेडण्याच्या काल्यातील कर्ण

पावसाळा सरून कार्तिक लागला की पेडणे भागात जत्रांचे दिवस सुरू होतात. देवाची पालखी देवळाभोवती फिरून आत गेली, म्हणजे रात्री उशिरा दशावतारी खेळाला तोंड लागते. गोव्यात ह्याला ‘दशावतारी काला’ असे म्हणतात. आधी गणपती, ऋद्धि-सिद्धि आणि सरस्वती येऊन जातात, काळ्या वेषातला संकासूर लोकांना हसवून विष्णूच्या हातून मरतो, आणि मग आख्यान उभे राहते. वाद्यमेळ म्हणाल तर पेटी, पखवाज आणि झांज एवढाच. सर्वांत विशेष गोष्ट अशी की संवाद लिहिलेले नसतात. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला, बाकी बोलायचे ते नटाने जागच्या जागी जुळवायचे.

पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे गेले १७८८ साली. बारदेश, तिसवाडी, साष्टी ह्या जुन्या काबिजादीतील देवळे सोळाव्या शतकातच मोडली होती. नव्या काबिजादीत ती पाळी आली नाही. देवळे राहिली म्हणून जत्रा राहिल्या, आणि जत्रा राहिल्या म्हणून तेरेखोलपलीकडच्या मोचेमाड-वालावलच्या दशावतारी मंडळ्यांचा राबता इकडे चालू राहिला. डिचोली-साखळीकडे तर गावचीच हौशी मंडळी देवळाच्या मांडवात मराठी नाटक करतात.

गाणे शिकविण्याच्या निमित्ताने गेली काही वर्षे मला ह्या भागात जावे लागते. पेडण्याजवळच्या एका जत्रेत मी कर्ण आणि कुंती यांच्या भेटीचे आख्यान पाहिले. कुंती कर्णाला म्हणते, “बाळा, तू माझा पहिला मुलगा.” कर्णाचे काम करणारा नट काही वेळ बोललाच नाही. पखवाजही थांबला. मग त्याने इतकेच विचारले, “माते, इतके दिवस तुला माझे नाव ठाऊक होते का?” माझ्या शेजारी बसलेल्या एक आजीबाई मोठ्याने म्हणाल्या, “तेन्ना सोडलो, आतां मागूंक आयली!” आणि भोवतालच्या बायकांत ‘खरे आहे’ आणि ‘ती तरी काय करील बिचारी’ असे दोन पक्ष पडले.

हा वाद पेडण्यातच मिटण्यासारखा नाही. आई-बापांनी दूर लोटलेले मूल मोठेपणी कसे होते, ह्याचे महाभारतातील कर्णाइतके बारकाईने काढलेले चित्र मला तरी दुसरे आढळले नाही. रंगमंडपात तो अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याला शस्त्राविषयी विचारत नाहीत. ते आई-बापांचे नाव आणि कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. तेवढ्यात दुर्योधन उठतो आणि त्याला अंगदेशाचे राज्य देऊन टाकतो. हा मनुष्य कसा आहे, त्याला आपला उपयोग कशासाठी हवा आहे, असले काहीही कर्ण पाहत नाही. चारचौघांत ज्याने प्रथम आपले म्हटले, त्याचा तो जन्मभराचा ऋणी होतो. द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी त्याच्या तोंडून निघालेले कठोर शब्द दुर्योधनाला संतुष्ट करण्यासाठी होते, असे तो पुढे कृष्णाजवळ स्वतःच कबूल करतो आणि त्याचा पश्चात्तापही बोलून दाखवितो. त्याच्या दानशूरपणातही मला हीच वेदना दिसते. कवचकुंडलांची मागणी कपटाची आहे हे सूर्याने आधी सांगूनही त्याच्याने ‘नाही’ म्हणवत नाही.

पण कर्णाला माया मिळाली नाही असे म्हणणे राधेवर अन्याय करणारे आहे. मला पाहताच राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे संस्कार केले, साऱ्या पृथ्वीचे राज्य मिळाले तरी त्यांना मी सोडणार नाही, असे तो कृष्णाला सांगतो. रंगमंडपात घामाघूम झालेला म्हातारा सारथी काठी टेकीत येतो, तेव्हा नुकत्याच झालेल्या अभिषेकाने ओले असलेले मस्तक कर्ण सर्वांदेखत त्याच्या पायांवर ठेवतो. मायेची उणीव नव्हती. उणीव होती ती एका उत्तराची. ‘मला का सोडले?’ हे राधेला ठाऊक नव्हते, आणि जिला ठाऊक होते ती त्याच मंडपात मूर्च्छित पडूनही शुद्धीवर आल्यावर गप्प राहिली.

कुंतीचीही बाजू आहे. ती मूळची शूर राजाची कन्या पृथा. चेंडू खेळण्याच्या वयात तिच्या बापाने तिला कुंतिभोजाला देऊन टाकली. उद्योगपर्वात ती कृष्णापाशी आपल्या बापालाच दोष देते. जिला स्वतःला लहानपणी देऊन टाकले, तिनेच पुढे आपले मूल नदीत सोडले, ही गोष्ट व्यासांनी एकाच पर्वात थोड्याशा अंतराने ठेवली आहे.

ह्या विषयावर लिहायला मला एक घरगुती कारणही आहे. माझे वडील राजवाड्यावरचे गवई. संस्थान विलीन झाल्यावरही वाड्यातील उत्सवांची सेवा त्यांच्याकडे होती. गावातली मुले आमच्या ओसरीवर रात्री उशिरापर्यंत शिकत. माझा आवाज मात्र दादांनी कधी लावून पाहिला नाही. मला पहिला षड्ज त्यांच्या साथीच्या पेटीवाल्यांनी दिला. दादांनी मला का शिकविले नाही ते मला शेवटपर्यंत कळले नाही. पुढे अनेक वर्षे ‘वा’ म्हणणारा कोणीही मला गुरू वाटे. म्हणून कर्ण दुर्योधनाकडे ज्या घाईने गेला, ती घाई मला ओळखीची वाटते.

नव्या पिढीच्या करमणुकीतही हा प्रश्न उतरला आहे. माझ्याकडे शिकणारा साखळीकडचा एक तरुण मला म्हणाला, “सर, आमच्या खेळात असाच मुलगा आहे.” ‘गॉड ऑफ वॉर’ ह्या २०१८ साली निघालेल्या व्हिडिओ खेळाबद्दल तो बोलत होता. त्यात क्रेटॉस हा देव आणि अट्रेयस हा त्याचा मुलगा. बापाने मुलापासून अंतर राखलेले. आई गेल्यावर दोघे प्रवासाला निघतात, पण बाप त्याला सहसा नावाने न पुकारता नुसते ‘पोरा’ म्हणतो. आपण देव आहोत हे तो मुलाला सांगत नाही. अंगात देवाचे रक्त आणि मनात मात्र आपण साधा माणूस ही समजूत, ह्या ओढाताणीत मुलगा आजारी पडतो. बाप शेवटी सांगतो खरे, पण तोवर उशीर झालेला असतो. मुलगा उद्दाम होतो आणि हरलेल्या शत्रूलाही मारून टाकतो. सूर्यपुत्राची कथा न वाचलेल्या परदेशी कारागिरांना हाच धागा सापडावा, ह्याचे मला नवल वाटले.

मराठी लेखकांनी तर ह्या एका माणसाला तीन नावांनी हाक मारली. शिरवाडकरांचे नाटक ‘कौंतेय’ १९५३ चे, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. एका नावात जन्म देणारी आई आहे, एकात वाढविणारी, आणि मधल्या नावात कोणाचीच नाही. कर्णाने स्वतः मात्र आपली निवड केलीच होती. कुंतीला तो म्हणतो की आईसारखे तू माझ्यासाठी पूर्वी काही केले नाहीस, आज आपल्या हितासाठी आली आहेस. तरीही अर्जुनाखेरीज तिचे चार मुलगे तो सोडून देतो, म्हणजे तिचे पाच ते पाचच राहतील. त्याची पूजा संपेपर्यंत ती राजमाता उन्हाने कोमेजून त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी असते. सोडून दिलेल्या मुलाची सावली सोडणाऱ्या आईला मिळाली, एवढे महाभारत आपल्याला दाखविते.

यंदाच्या कार्तिकात पेडण्याकडे जाणे झाले तर वाचकांनी मुलांना अवश्य बरोबर न्यावे. काल्याहून परतताना मुलाने काही विचारले, तर ‘नंतर सांगू’ म्हणू नये. पहाट झाली असली, डोळ्यांवर झोप असली, तरी तिथेच वाटेत सांगून टाकावे.