खाज गेली, बुरशी राहिली

गजकर्णाचा नमुना घ्यायचा तो कडेवरून. मधली कातडी बरी झाल्यासारखी दिसते, पण बुरशी बाहेरच्या लालसर, खवलेदार कडेला पुढे सरकत असते. जागा स्पिरिटने पुसून मी बोथट पात्याने तिथला कोंडा काचपट्टीवर पाडते. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळत जातात, बुरशीचे तंतू शाबूत राहतात. सूक्ष्मदर्शकाचा उजेड कमी केला की ते उठून दिसतात: काचेच्या बारीक नळ्यांसारखे, फांद्या फुटलेले.

त्या दिवशी आलेल्या मावशींना मात्र धड कडच नव्हती. परकराच्या नाडीखाली नुसता पसरट डाग, कातडी पातळ पडलेली.

"काय लावत होतात, मावशी?"

पिशवीतून चेपलेली ट्यूब निघाली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. वर बारीक अक्षरांत चार नावं: क्लोबेटासोल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन. "लावलं की दोन दिवसांत खाज जाते बघ. सोडलं की दुप्पट येते."

काचपट्टीवर तंतूंचं जाळंच होतं.

क्लोबेटासोल हे फार जहाल स्टेरॉइड. ते शरीराचा प्रतिकार दाबतं, म्हणून लाली आणि खाज जाते. बुरशीला मोकळं रान मिळतं. खाज थांबली म्हणून माणूस निर्धास्त होतो, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. आणि टर्बिनाफिन? आपल्याकडे पसरलेल्या ज्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं, तिच्यातल्या अनेक वाणांत हे औषध ज्या एन्झाइमवर काम करतं तेच बदललं आहे. औषधाला धरायला जागाच उरत नाही. २०२३ मध्ये तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही नोंदले गेले.

डॉक्टरांनी मावशींना इट्राकोनॅझोल दिलं. डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेले सगळे आठवडे गोळ्या घ्यायच्या, हे दोनदा बजावलं. उरलेला कोंडा मी कल्चरला लावला. त्याचा निकाल यायला तीन-चार आठवडे.

नळीवर तारीख लिहीत होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "नातवाच्या मानेवर पण आलंय. त्यालाही हीच लावते. टॉवेल एकच आमचा."

"त्याला उद्याच घेऊन या, मावशी. आणि येताना मानेला काही लावू नका."